निराधारचे पैसे की हाताला काम? (अधिवेशनाच्या निमित्ताने)

बूथवाल्याचा मुलगा, सोमवार रात्री ९.४०

नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चे अडतात, आणि त्यात कुबड्या, तीनचाक्या घेऊन आलेली माणसं दरवर्षी असतातच. आज ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणाला, "बसून खायची सवय लागली यांना. निराधारचे महिन्याचे अडीच हजार केले तरी रडून राहिले." तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आता घरी येऊन चार तास झाले, तरी डोक्यातून ते जात नाही, म्हणून लिहितोय.

माझे बाबा पोलिओचे. डाव्या पायात कॅलिपर, हातात काठी. १९९४ साली त्यांना सक्करदऱ्याकडे एसटीडी-पीसीओचा, म्हणजे पैसे देऊन फोन करायचा बूथ मिळाला. तेव्हा बूथ देताना अपंगांचा आधी विचार व्हायचा. पिवळा बोर्ड, काचेची छोटी खोली, वर लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री दर उतरले की पुण्या-मुंबईला मुलं असलेल्या घरांची रांग लागायची. बाबा सकाळी सातला शटर उघडायचे आणि रात्री साडेअकराला बंद करायचे. माझी फी, ताईचं लग्न, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या मीटरवर झालं. बसून खाल्लं म्हणायचं तर हो, बाबा दिवसाचे सोळा तास बसूनच असायचे.

मग घरोघरी मोबाइल आले. २००६ मध्ये बूथ बंद केला तेव्हा बाबा ४८ वर्षांचे होते. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानाचा अर्ज केला, तो मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं.

खरी गोष्ट पुढची आहे. २०१२ मध्ये सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्यांना काम सांगून आलं. ४,५०० रुपये महिना. हात चांगला होता त्यांचा, रेडिओ, मिक्सर सगळं घरी उघडायचे. बाबांनी काम नाकारलं. मी तेव्हा नोकरीला नवीन लागलो होतो, मला राग आला. निराधारच्या सहाशे रुपयांसाठी साडेचार हजार सोडता? त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. बसमध्ये चढता येत नाही, म्हणून ऑटो, जाऊन-येऊन रोज ६० रुपये. महिन्याचे १,५०० च्या वर गेले. वर्षाला २१ हजारांच्या वर कमाई दिसली की निराधार बंद. आणि दुकानदाराने तीन महिन्यांनी नको म्हटलं तर? "ते सहाशे परत मिळवायला मला पुन्हा दीड वर्ष रांगेत उभं राहावं लागंल बाबू. उभं राहताच येत नाही, तेच तर सांगून राहिलो."

बाबांना कामाची भीती नव्हती. काम सुटलं तर मागे फिरायला रस्ता नाही, ही भीती होती.

आज दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. महिन्याला ४,१६६ रुपये. माझ्या ओळखीची एक मुलगी मानेवाड्याहून धरमपेठेत कामाला यायचा विचार करत होती, व्हीलचेअर वापरते. एका बाजूचे ऑटोचे ८० धरा, २६ दिवस. ४,१६० होतात. म्हणजे ज्या कमाईला सरकार म्हणतं की आता तुला आधाराची गरज नाही, ती तिच्या ऑटोतच संपते.

मला चर्चा हवी आहे. पैसे द्यावेत की काम द्यावं, हा प्रश्न तुम्हाला बरोबर वाटतो का?


इतवारीचा दुकानदार, सोमवार रात्री १०.१५

भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

माझं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी ऐकू न येणारा एक मुलगा पॅकिंगला ठेवला. पगार सगळ्यांना तेवढाच, ९ हजार. चार महिने छान केलं, मग यायचा बंद झाला. विचारलं तर घरचे म्हणाले, पैसे बंद होतील म्हणून नको. सरकार पैसे देऊन माणसाला घरी बसवतं, असंच मला तेव्हापासून वाटतं. ज्याला अजिबात जमत नाही त्याला अडीच काय, सहा हजार द्या. मी कर भरतो, माझी हरकत नाही. पण ज्याला जमतं त्याला काम द्या, पैसे नको. घरात बसलेला माणूस दोन वर्षांत खचतो, हे मी माझ्या सख्ख्या काकाजींच्या बाबतीत पाहिलं आहे.


निवृत्त लिपिक, सोमवार रात्री ११.०२

मी तहसीलच्या संजय गांधी शाखेत ११ वर्षं काढली, म्हणून थोडं सांगतो.

योजना १९८० ची आहे. कल्पना चांगलीच होती आणि आजही हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते. पण ती ज्याचं कोणीच नाही आणि ज्याच्याकडे काहीच नाही अशा माणसासाठी बांधलेली आहे. नावातच "निराधार" आहे. त्यामुळे अपंग माणसाला दरवर्षी आपण निराधार आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार लिंक. तलाठ्याकडे गेला की तो विचारणार, घरात कोण कमावतं. खरं सांगितलं तर बाद. म्हणून सगळे दाखले मर्यादेच्या आत बसणारे निघतात. मी स्वतः असे शेकडो पाहिले. प्रामाणिक माणसाला खोटं लिहायला लावणारी ही अट आहे.

अनुदान २०१९ पर्यंत ६००, मग १,०००, २०२३ पासून १,५०० आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५००. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनचा वाटा कित्येक वर्षं ३०० वरच आहे, आणि तोही ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्यांनाच.

बूथवाल्या भाऊंच्या वडिलांची भीती खरी होती. माझ्या काळात नाव एकदा कमी झालं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. नवा अर्ज, नवी चौकशी, समितीची बैठक लागेपर्यंत थांबा. आचारसंहिता लागली की बैठकच नाही. काम सुटलं म्हणून जुनं नाव परत चालू केलं, असं मी एकदाही पाहिलं नाही.

दुकानदार भाऊ, तुमच्या त्या मुलाचं घर ९ हजार सोडून पैशांमागे गेलं असं वाटतं खरं. पण ९ हजार उद्या असतील की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. पंधराशे दर महिन्याला येतात, हे माहीत होतं.


तीन बोटं, मंगळवार सकाळी ७.२०

नाइट करून आलो, वाचलं, झोप येत नाही.

मी हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होतो. उजव्या हाताचे तीन बोटं गेले. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर होता, पण उत्पादन हळू होते म्हणून सुपरवायजरनं काढून ठेवला होता. जाऊ द्या, ते वेगळं.

मुद्दा असा की माझं ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, पगारातून कटत होतं. त्यांच्या मेडिकल बोर्डानं माझी कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवलं, त्या हिशेबानं दर महिन्याला पैसे येते. मरेपर्यंत येणार. आणि मी काम करून राहिलो तरी बंद होत नाही. आज मी दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे, पगार पण घेतो, ते पण घेतो. कोणी मला फुकट्या म्हणत नाही. बोटं गेले त्याची भरपाई आहे, असंच सगळे समजतात.

माझ्यासोबत ठेकेदाराचा एक पोरगा होता, भंडाऱ्याचा. त्याचं ईएसआयसी कधी भरलंच नाही. त्याचा पंजा गेला. तो निराधारचा अर्ज करून बसला. तो कुठं वॉचमनला लागला तर त्याचं बंद होईल, माझं होत नाही. हात दोघांचे सारखेच गेले न.


बूथवाल्याचा मुलगा, मंगळवार सकाळी ९.०५

तीन बोटं, तुम्ही जे लिहिलं ते मला इतकी वर्षं शब्दांत मांडता आलं नव्हतं. एका पैशाला आपण भरपाई म्हणतो आणि दुसऱ्याला भीक. फरक एवढाच की एकाचा हात कारखान्याच्या नोंदवहीत होता.


उमरेडची आई, मंगळवार दुपारी १.३०

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातला एसएस हा तीव्र प्रकार. आपल्याकडे विदर्भात हे घराघरांत आहे, तरी लोकांना दिसत नाही. आयटीआय केलं त्यानं, इलेक्ट्रिशियन. हुशार आहे.

महिन्यात वीस-बावीस दिवस तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. मग थंडी लागली, पाणी कमी पडलं, दगदग झाली की दुखणं उठतं. हाडं आतून फोडल्यासारखी दुखतात म्हणतो. सलाइन, इंजेक्शन, कधी रक्त चढवावं लागते. पाच दिवस, कधी दहा. डिसेंबर आणि मे हे दोन महिने मला कॅलेंडरवर बघवत नाहीत.

दोन नोकऱ्या सुटल्या. मालक वाईट नव्हते, पण न सांगता आठ दिवस गायब होणारा माणूस कोण ठेवणार? अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वं धरली, त्यात सिकलसेल आहे. आम्हाला वाटलं आता रस्ता निघाला. पण सरकारी नोकरीतलं जे ४ टक्के आरक्षण आहे ते अंध, कर्णबधिर, हातापायाचं अपंगत्व, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार अशांसाठी. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे आम्ही कायद्यात आहोत, पण नोकरीच्या रांगेत नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एका मोठ्या दवाखान्यात तीनदा नेलं. ज्या दिवशी दुखते त्या दिवशी तो खाटेवरून उठत नाही, आणि ज्या दिवशी बोर्डापुढे जातो त्या दिवशी चांगला दिसतो. टक्का ४० च्या खाली लिहिला. ४० च्या खाली म्हणजे पेन्शन नाही, काही नाही.

दुकानदार दादा, तुम्ही म्हणता जमत असेल त्याला काम द्या, न जमणाऱ्याला पैसे द्या. माझ्या पोराला कोणत्या रांगेत उभा करू? बावीस दिवस एका रांगेत आणि आठ दिवस दुसऱ्या?


इतवारीचा दुकानदार, मंगळवार दुपारी २.१०

ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचार करतो.


पांढरी काठी, मंगळवार सायंकाळी ६.४५

मी जन्मांध. १९९८ पासून एका बँकेत आहे. टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, १९९५ च्या अपंग कायद्यातल्या ३ टक्के आरक्षणातून. आता स्क्रीन रीडरवर तक्रारींचं काम बघतो. नोकरीनं मला जे दिलं ते कोणत्याही पेन्शननं दिलं नसतं. बायको, घर तर आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे संध्याकाळी दमून घरी येणं. दमायला मिळणं किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याला कोणी कामच सांगत नाही त्याला विचारा. म्हणून कामाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही.

पण माझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं सांगतो. आम्हाला शाळेत खुर्च्या विणायला शिकवायचे, वेताच्या. हात बसला की डोळ्यांची गरज नाही. कितीतरी मुलं त्यात तरबेज झाली. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि सरकारी ऑफिसांतून वेताच्या खुर्च्या एकेक करून गेल्या. बूथवाल्या भाऊंच्या वडिलांचं जे झालं तेच. अपंगांना जी कामं दिली जातात ती बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या तरी सोयीनं निवडलेली, एकाच प्रकारची, आणि बाजार बदलला की सगळी एकदम बुडणारी. डोळस माणूस धंदा बुडाला की दुसरीकडे हमाली तरी करतो. माझा मित्र तिथून कुठे जाणार?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यातले काम करणारे ३६ टक्के. बायकांत तर २३ टक्केच. बाकीचे सगळे आळशी आहेत असं म्हणायचं असेल तर म्हणा. माझा अनुभव तसा नाही.


वरोऱ्याकडची, मंगळवार रात्री ८.३०

माझं माहेर वरोऱ्याजवळ, त्यामुळे आनंदवनाचं उदाहरण लहानपणापासून ऐकलं. दान नको, काम हवं, असं म्हणताना लोक हटकून बाबा आमट्यांचं नाव घेतात. बरोबरच आहे, त्यांची श्रद्धा तीच होती. पण मी तिथे जे पाहिलं ते अर्धवट सांगितलं जातं.

कुष्ठरोगानं बोटं झडलेला माणूस तिथे हातमागावर बसलेला मी पाहिला आहे. पण त्याचं घर तिथेच होतं. जेवण तिथेच. जखम झाली तर दवाखाना पन्नास पावलांवर. काम त्याच्या हाताला बसेल असं बदललेलं होतं. आणि आज बरं नाही म्हटलं तर उद्या त्याला कोणी काढून टाकणार नव्हतं. १९४९ पासून उभं राहिलेलं ते काम मला थोर वाटतं ते याचसाठी. आधी छप्पर आणि अन्न, मग श्रम. आपण श्रम तेवढा उचलतो आणि छप्पर विसरतो.


मोठी बहीण, मंगळवार रात्री ९.५०

तुम्ही सगळे काम करू शकणाऱ्यांबद्दल बोलताय. माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे आणि त्याला बुटाची लेस बांधता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. आई गेली तेव्हा मी शिक्षिकेची नोकरी सोडली. त्याच्या नावाने येणारे अडीच हजार त्याच्या डायपर आणि फिटच्या गोळ्यांनाही पुरत नाहीत. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी रडले होते. १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, हे ते किती वर्षं सांगत आले. माझ्यानंतर याचं काय, हाच प्रश्न मी रात्री घेऊन झोपते. आणि हो, घरी बसून मी जे करते तेही काम आहे. ते कोणत्याच दाखल्यावर येत नाही.


सध्या पुण्यात, मंगळवार रात्री १०.२०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. बोगस प्रमाणपत्रांचं काय? २०२४ मध्ये केवढा वाद झाला. उत्पन्नाची मर्यादा वाढवली तर बोगस लोकच आत शिरणार नाहीत का?


निवृत्त लिपिक, मंगळवार रात्री ११.१५

बोगस आहेत, नाकारत नाही. पण बोगसवाला वरच्या नोकरीच्या, बदलीच्या मागे असतो. अडीच हजारांसाठी तहसीलच्या पायऱ्या चढणारा बहुतेक खराच असतो. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आलं, पैसे थेट खात्यात येतात, तपासणी आधीपेक्षा सोपी आहे. तपासा जरूर. पण प्रमाणपत्र तपासणं वेगळं आणि गरिबी तपासणं वेगळं. आपण चोर पकडायला बसतो आणि उमरेडच्या ताईंच्या मुलाला बाहेर ठेवतो.

आणखी एक. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून सुरू झाली, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, माझ्या सुनेला मिळते. पण धडधाकट बाईला अडीच लाखांची मर्यादा आणि कुबडीवर चालणाऱ्या बाईला पन्नास हजारांची, हे कोणत्या हिशेबानं? २०१६ च्या कायद्याचं कलम २४ वाचा. इतरांना जी मदत मिळते त्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त द्यावी, असं त्यात आहे, सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत. रक्कम आता वाढली. उत्पन्नाच्या मर्यादेकडे कोणी पाहिलंच नाही.


बूथवाल्याचा मुलगा, बुधवार सकाळी ८.१०

रात्रभर वाचत होतो. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा तो हिशेबाचा कागद मी ठेवायला हवा होता.

अधिवेशन संपायच्या आत एक निवेदन द्यावं असं वाटतं. आपल्यातले काही जण यशवंत स्टेडियमला धरणं देणाऱ्यांना ओळखतात, त्यांच्यामार्फत मंत्र्यांपर्यंत पोचेल. दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं २०२२ पासून आहे, त्यांच्याच नावाने. मसुदा असा:

"दिव्यांग व्यक्तीला काम मिळाल्यास तिचं अनुदान रद्द न करता स्थगित ठेवावं, आणि काम सुटल्यावर नवा अर्ज न मागता पुढच्या महिन्यापासून सुरू करावं. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख करावी आणि त्यातून कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा धरावा. सिकलसेलसारख्या अधूनमधून उठणाऱ्या आजारांत टक्केवारी ठरवताना एका दिवसाची तपासणी न पाहता वर्षभरात दवाखान्यात काढलेले दिवस पाहावेत."

काही सुटलं असेल तर सांगा.


तीन बोटं, बुधवार सकाळी ८.४०

ठेकेदारानं ईएसआयसी भरलं नाही तर मूळ कंपनीकडून वसूल करा, हे पण टाका. त्या भंडाऱ्याच्या पोराकरता.


मोठी बहीण, बुधवार सकाळी ९.३०

ज्यांना कधीच काम करता येणार नाही त्यांच्यासाठी वेगळा दर मागा. आणि सांभाळणाऱ्याचं नाव कागदावर कुठेतरी येऊ द्या.


निवृत्त लिपिक, बुधवार सकाळी ११.००

"पुढच्या महिन्यापासून" असं लिहू नका, फाइल त्या दोन शब्दांवर अडेल. "काम सुटल्याचं स्वयंघोषणापत्र दिल्यापासून ३० दिवसांच्या आत" असं लिहा. आणि कोण मंजूर करणार तेही लिहा, तहसीलदार. समितीकडे पाठवलं की वर्ष गेलं समजा.


इतवारीचा दुकानदार, बुधवार दुपारी ३.५०

स्थगित ठेवण्याच्या मागणीवर माझी सही घ्या. अडीच लाखांची मर्यादा मला अजून जास्त वाटते, दीड लाख लिहिलं तर तिथेही करीन.

त्या मुलाच्या घरी काल जाऊन आलो, पाचपावलीत राहतो. त्याच्या आईनं विचारलं, तुम्ही लिहून देता का की वर्षभर काढणार नाही? मी आजपर्यंत कोणत्याच नोकराला असं लिहून दिलेलं नाही. घरी बायकोशी बोललो. सोमवारी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो म्हटलं.

उमरेडच्या ताई, माझ्या गोदामाची वायरिंग जुनी आहे. महिन्यात जे दिवस तुमचा मुलगा बरा असेल ते दिवस येऊ द्या, कोणते ते त्याने ठरवायचं. बसभाडं माझ्याकडे.


उमरेडची आई, बुधवार रात्री ८.१५

दादा, तो येईल म्हणतो. पण आत्ता नाही, थंडी आहे. संक्रांतीनंतर पाठवते.